बिनहाडाची फौज

मित्रांनो, मी एक म्हातारी शार्क आहे. जन्मले समुद्रात, पण हयात गेली ती मत्स्यालयाच्या सर्वांत मोठ्या टाकीत. मी दिवसभर वाळूवर पडून असते, म्हणून लोक मला आळशी म्हणतात. म्हणोत बापडे! माझ्या अंगात केवढी लढाई झाली, हे त्यांना कुठे ठाऊक आहे?

तरुणपणी एकदा टाकीच्या जाळीचा तुटलेला गज माझ्या कुशीत घुसला. टाकी साफ करणाऱ्या पाणबुड्याने मला सोडवले, पण जखम चिघळली. मी अन्नाला तोंड लावेना.

व्यवस्थापकसाहेब म्हणाले, "डॉक्टरबाई, हिच्यापायी बाकीचे मासे जातील. हिला कायमचं झोपवून टाका."

"वेगळ्या टाकीत ठेवते. औषध चालू आहे. थोडा वेळ द्या, साहेब."

"किती?"

"तिच्या शरीराला लागेल तेवढा."

साहेब नाराजीनेच गेले. पाणबुड्या म्हणजे डॉक्टरबाईंचा धाकटा भाऊ. तो हळूच म्हणाला, "ताई, जगेल का गं ही?"

"जिभेला हाड नसतं म्हणतात, हिच्या तर अख्ख्या अंगात नाही. आपल्या पांढऱ्या पेशी हाडांतल्या मगजात तयार होतात. हिच्या अन्ननलिकेच्या भिंतीत आणि पोटातल्या एका खास अवयवात होतात. पण लढायला आपल्यापेक्षा कमी नाहीत. तू पाणी तेवढं स्वच्छ ठेव."

त्याने ते काचेसारखे ठेवले. इकडे माझ्या पांढऱ्या पेशी जखमेकडे धावल्या. त्यांनी जंतू गिळले, कित्येक स्वतःही कामी आल्या. मग प्रतिपिंडे आली. शत्रूला नेमके ओळखून चिकटणारी ही प्रथिने शार्कच्या शरीरात सावकाश घडतात. आधीची पकड सैल असते, पुढची तिच्याहून घट्ट. त्यांतली काही तर इतकी चिमुकली की जंतूच्या खाचाखोचांतही शिरतात. माझ्या रक्तात मीठ आणि युरिया भरपूर, तरी ती डगमगत नाहीत.

कित्येक महिन्यांनी जखम भरली. त्या सकाळी मी डॉक्टरबाईंच्या चिमट्यातला मासा हिसकावून घेतला. भाऊ हसत म्हणाला, "ताई, चिमटा तरी वाचव!"

मी मोठ्या टाकीत परतले. पुढे बऱ्याच वर्षांनी नव्या माशांबरोबर तोच जंतू पुन्हा आला. शेजारी धापा टाकू लागले, पण मी ठणठणीत होते. डॉक्टरबाईंनी माझे रक्त तपासले आणि त्या साहेबांना म्हणाल्या, "हिच्या पेशींनी शत्रू लक्षात ठेवला होता. या खेपेला त्याला उंबरठाच ओलांडू दिला नाही."

साहेबांनी काचेपाशी वाकून मला नीट पाहिले. मग म्हणाले, "आजारी माशांनाही वेगळ्या टाक्या द्या. घाई नको." त्यांतले बहुतेक वाचले. आज ते माझ्या डोक्यावरून झुंडीने पोहतात.

मित्रांनो, फौज माझी होती, पण तिला स्वच्छ पाणी आणि सवड माणसांनी दिली. आजारी जीव दिसला, तर त्याचा निकाल लावण्याआधी एवढे त्यालाही द्या. आत कोण लढत असते, ते बाहेरून दिसत नाही.