पिशवीवरचा हात

शाळेच्या पाइप बँडमध्ये पुढच्या ओळीत, उजव्या कोपऱ्यात मी असायचे. सव्वीस जानेवारीला सगळ्या मुली माझ्या पावलावर चालायच्या. मग लग्न झालं, इशिता झाली. आता बँडच्या शिवा सरांनी या सव्वीस जानेवारीसाठी जुन्या मुलींचा बँड पुन्हा जमवायला घेतला, आणि मला ती जागा परत हवी होती. एवढंच. बाकी कसली हौस उरलेली नाही.

रविवारी सकाळी हाटकेशच्या मैदानात जमलो. सर पलटणीतल्या बँडमधून निवृत्त झालेले. बँडच्या गणवेशातल्या चौकडीच्या लोकरी घागऱ्याच्या चुण्यांना अजून स्वतः इस्त्री करतात. म्हणतात, "स्कॉटलंडवाले विसरले तर विसरू देत, आपण नाही विसरायचं."

सासूबाई इशिताला घेऊन कट्ट्यावर बसल्या. "काय तो बकरीच्या पोटातला भोंगा! वाजव बाई, मी बघते हिला."

आमच्या बॅगपाइपमध्ये हवा तोंडाने भरायची, पण सूर टिकतो काखेतल्या पिशवीवर. श्वास घ्यायला थांबलं की डाव्या हाताने पिशवी दाबायची, म्हणजे आवाज तुटत नाही. माझा तुटत होता. दर श्वासाला सूर खाली बसायचा, दमलेलं माणूस खुर्चीत बसतं तसा.

"काय गं, फुफ्फुसं माहेरी राहिली का?" मिनल हसली. शाळेत ती माझ्या मागे असायची.

"फुफ्फुसं ठीक आहेत तिची," सर म्हणाले. "स्वप्नाली, पिशवी कशी धरलीयेस बघ."

बघितलं. कोपर अंगापासून दूर, खांदा उचललेला, पिशवीचा भार दंडावर अलगद तोललेला. इशिताला मी ह्याच हातावर झोपवते. ती झाल्यापासून हा हात एकच गोष्ट शिकलाय, दाबायचं नाही.

"बाळ नाहीये ते. आवळ!"

"आवळतेय, सर."

"गोंजारतेयस."

सगळ्या हसल्या. मीही हसले. रडू येईल इतकी झोप येत होती.

पुन्हा फेरी सुरू केली. अर्ध्या मैदानात इशिता रडायला लागली. सासूबाईंनी तिला खांद्यावर टाकलं आणि मोकळ्या हाताने मला खूण केली, चालू दे. मला पान्हा फुटला. सगळं अंग आवळलं, त्यात हातही. सूर सरळ उभा राहिला. मी थांबले नाही. ती रडत होती आणि मी ती संचलनाची स्कॉटिश धून शेवटपर्यंत वाजवली, पाऊल न चुकवता.

"हां!" सर म्हणाले. "पुढे तूच. सव्वीसपर्यंत रोज सकाळी सहाला यायचं."

इशिताला ओढणीखाली घेऊन कट्ट्यावर बसले. हुंदके देत देत पीत होती. सहाला ही उठते. सहालाच नवऱ्याचा, कौस्तुभचा डबा.

"सर, मिनलला पुढे ठेवा. मी दुसऱ्या ओळीत. शनिवार-रविवार नक्की येईन."

"अगं, आत्ता कुठे वाजलं तुझं!"

"म्हणून तर येईन म्हणतेय."

"सहाला मी सांभाळीन गं," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तुमची कंबर."

त्यांचा हात कंबरेकडे गेला. खरंच दुखते ती.

मिनल या वेळी हसली नाही. सरांनी तिला उजव्या कोपऱ्यात उभं केलं. इशिताचं पिऊन होईपर्यंत मी बसून राहिले, मग तिला सासूबाईंकडे देऊन दुसऱ्या ओळीत जाऊन उभी राहिले.