सरांची जपानी शिस्त

आमच्या प्रद्युम्न सरांना जपानी किती येतं? भोरच्या स्टँडवर झोपलेल्या कुत्र्याला एसटीचं वेळापत्रक येतं, तितकं. पण भोरात जपानी शिकवणारे ते एकटेच, म्हणून त्यांना सेन्सेइ म्हणायचं. सेन्सेइ म्हणजे गुरुजी.

मी शिवानी, अकरावीत आहे, भाटघरहून येते. स्टेशनरीच्या दुकानावरच्या माडीवर क्लास असतो. पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "जपानमध्ये मुलं स्वतःची शाळा स्वतः झाडतात. आपल्याकडे तीच शिस्त!" मला हे इतकं आवडलं की मी जिनासुद्धा झाडून काढला. काय मूर्ख होते मी. आठवड्याभरात ती शिस्त जिना उतरून सरांच्या गाडीपर्यंत पोचली आणि महिन्याभरात त्यांच्या स्वयंपाकघरात. दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझी मैत्रीण सृष्टी त्यांच्या ओट्याखाली बसून आंबेमोहोर निवडत होतो, आणि वरून काकू बजावत होत्या, "खडा लागला दाताखाली तर सरांना सांगेन हं."

यातून सूट एकट्या शौनकला. तो सरांचा पुतण्या. "त्याला धुळीची ॲलर्जी आहे," सर म्हणायचे. हाच शौनक मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून धरणाच्या रस्त्याला धुरळा उडवत जातो, तेव्हा त्याला साधी शिंकही येत नाही.

जानेवारीत नवा धडा लागला. दुसऱ्याला एखादी गोष्ट करायला लावणं, हे जपानीत कसं सांगायचं त्याचा. क्रियापदाचं शेपूट बदलायचं, की काम दुसऱ्याच्या गळ्यात. सरांनी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं, आई मुलाला भाजी खायला लावते, आणि घोकायला सांगून मोबाईल काढला. त्यांना दुसरं वाक्य येत नसणार. मी घरी जाऊन चाळीस बनवली. चुलीपुढं बसलेल्या आईनं विचारलं, "काय पुटपुटतीस गं?"

"सरांची निंदा करतेय. जपानीत."

"एवढ्या लांबच्या भाषेत कशाला? हितली कमी पडली व्हय?"

आणि त्याच महिन्यात बातमी आली. हायवेकडच्या एका जपानी कंपनीतल्या मियाता बाई क्लासला येणार, तोंडी परीक्षा घेणार आणि एका मुलाला दोन आठवडे जपानला पाठवणार. सगळा खर्च कंपनीचा. मला रात्रभर झोप नाही. सरांना मात्र छान झोप लागली असणार, कारण त्यांनी परीक्षेला एकच नाव दिलं. शौनकचं.

"सर, माझं?"

"तू अजून कच्ची आहेस, शिवानी. पुढच्या वर्षी बघू."

शनिवारी मियाता बाई आल्या. बुटक्या, पांढऱ्या केसांच्या, पायातले बूट जिन्याखालीच काढून ठेवलेले. सरांनी नारळ दिला, शाल दिली आणि मोडक्या जपानीत छाती फुगवून सांगितलं, की इथली मुलं जपानसारखीच साफसफाई करतात. बाई खूश झाल्या. त्यांनी शौनकला जपानीतच विचारलं, "मग सांग, तुमच्याकडे साफसफाई कशी चालते? नव्या धड्यातली रूपं वापर."

शौनक उठला आणि म्हणाला, "आई मुलाला भाजी खायला लावते."

"छान. आणि साफसफाई?"

"आई मुलाला भाजी खायला लावते," शौनक पुन्हा म्हणाला. जरा मोठ्यानं.

बिचाऱ्याला झाडू कुठल्या कोपऱ्यात असतो तेही माहीत नव्हतं, तो सांगणार काय?

बाईंनी वर्गाकडे पाहून विचारलं, "हा धडा अजून कुणाचा झालाय?" सृष्टीनं मला पाठीत असा गुद्दा घातला की मी उभीच राहिले. सरांनी डोळे वटारले. वटारू देत.

"सेन्सेइ वा वाताशीताची नि कुरुमा ओ आरावासेमास," मी म्हणाले. सर आम्हाला गाडी धुवायला लावतात. मग थांबलेच नाही. सर सृष्टीला तांदूळ निवडायला लावतात. सर मला दूध आणायला लावतात. सर शौनकला काहीच करायला लावत नाहीत. एका वाक्यात माझं चुकलं, बाईंनी ते दुरुस्त केलं, मी नीट म्हणून पुढे गेले. सगळं खरं असलं की आठवावं लागत नाही.

बाईंनी सरांकडे वळून सावकाश, जपानीतला एकेक शब्द सुटा करून विचारलं, "जपानमध्ये शिक्षकही मुलांबरोबर झाडतात. तुम्ही झाडत नाही?"

"हाय! हाय!" सर आनंदानं म्हणाले. हो, हो. त्यांना वाटलं, कौतुक चाललंय! मला हसू आलं नाही, कीव आली. इतके महिने या माणसाला घाबरत होते मी?

बाईंनी फॉर्म काढून त्यावर माझं नाव लिहिलं. खाली शिक्षकांच्या सहीची जागा होती. आता मात्र सरांना सगळं कळलं.

"सही सोमवारी करतो," ते मराठीत मला म्हणाले. "घरच्यांना घेऊन ये. बोलायचंय मला त्यांच्याशी."

"सर, बाई आत्ता निघतायत. फॉर्म आत्ताच हवाय त्यांना."

"शिवानी, जास्त बोलू नकोस."

मी बाईंना जपानीत सांगितलं, की सर सोमवारी सही करतो म्हणतात. त्या खुर्चीत बसल्या, पेन सरांपुढे ठेवलं आणि हात मांडीवर घेऊन वाट पाहू लागल्या. एक मिनिट झालं. दोन झाली. खाली ड्रायव्हरनं हॉर्न दिला तरी त्या हलल्या नाहीत. शेवटी सरांनी पेन उचललं. सही इतकी दाबून केली की कागद फाटतो की काय वाटलं.

बाईंनी फॉर्म पिशवीत ठेवला, आम्हा सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि गेल्या. गाडी वळल्याचा आवाज आला, तसे सर माझ्याकडे वळले. कान लालबुंद.

"उद्यापासून क्लासला पाय ठेवायचा नाही."

"उद्या रविवार आहे, सर," मी म्हणाले. "सोमवारपासून येत नाही."

आणि दप्तर उचललं. पुस्तकातले उरलेले नऊ धडे मला माझे मला करता येणार होते.