पाठीवरची चिकटपट्टी

मित्रांनो, त्या सकाळी मी टेबलावर पालथा पडलो होतो. मी म्हणजे जुन्या कागदावरचा एक साप. कुणा कारागिराने तांब्याच्या पत्र्यावर माझा एकेक खवला कोरला, शाई भरून मला छापलं आणि वर हिरवा रंग दिला. त्या बिचाऱ्याने जिवंत साप पाहिला नसावा. त्याने मला चक्क पापण्या काढल्या! प्राण्यांच्या एका जाडजूड पुस्तकात मी मिरवलो आणि पुस्तक फाटल्यावर रद्दीत गेलो. तिथून मला बाबांनी उचललं. जुनी चित्रं दुरुस्त करणं हे त्यांचं काम. मला मात्र त्यांनी विकलं नाही, घरात लावलं.

माझ्या पाठीला एक फाट होती आणि तिच्यावर चिकटपट्टी. तिचा गोंद पिवळा पडून शेपटीकडे झिरपत होता, मला खात होता. बाबा हलकी वाफ देत बारीक सुरीने ती सोडवत होते.

"हा उपद्व्याप कुणाचा गं?"

चहा घेऊन आलेली लेक म्हणाली, "मला काय माहीत? असेल तुमचं कुणी गिऱ्हाईक."

"गिऱ्हाईक? घरातल्या भिंतीवर चढून?"

ती कपबशी पुसत राहिली. सातव्या वर्षी मला खाली काढताना तिनेच फाडलं होतं, हे मला ठाऊक होतं. पट्टी बोटभर उरली तेव्हा बाबांनी भिंग धरलं. बराच वेळ बघितलं आणि हसले.

"एवढी राहू दे. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी बाबाच नव्हते.

मी तसाच पालथा. गोंद पुढे सरकत होता. दार वाजलं की धडकी भरायची. एकदा तिचा भाऊ म्हणाला, "या सापाचं काय करायचं? देऊन टाकू?"

"हात लावू नकोस," ती म्हणाली आणि बाबांच्या खुर्चीत बसली.

तिने बाबांसारखीच हलकी वाफ दिली आणि सुरी उचलली. सुरी जरा घसरली असती तर माझी शेपूट गेली असती. तिने भिंग धरलं. गोंदात अडकलेला एक अंगठ्याचा ठसा होता. इवलासा, लहान मुलीचा.

मित्रांनो, आम्हा जुन्या कागदांना उन्हापासून, ओलीपासून जपा. चिकटपट्टी तर लावूच नका. आणि फाटलंच, तर ज्याचं असेल त्याला वेळेवर सांगा. आम्ही दोनशे वर्षं थांबतो. माणसं थांबत नाहीत.

उरलेली पट्टी अलगद सुटली. लेक टेबलावरच्या बाबांच्या चष्म्याकडे बघत मोठ्याने म्हणाली,

"बाबा, साप मी फाडला होता. पट्टीपण मीच लावली. आता रागवा ना."