हात राखून

थेल्मा डॉड आमच्या क्लबात पहिल्यांदा आली ती टपाल घेऊन. उत्तर इंग्लंडात विलोबर्नला, टाइन नदीच्या काठाला लागूनच, आमचा वल्हवणाऱ्यांचा क्लब. त्या सकाळी विल्फ ट्युलिप एक लांबलचक नाव शेडमधून बाहेर काढत होते. नावा दुरुस्त करायचे तेच आणि आम्हाला शिकवायचेही तेच. हात लावायला येणारे दोन बाप्ये आलेच नव्हते. थेल्मानं टपालाची पिशवी खाली ठेवली, नावेचं दुसरं टोक खांद्यावर घेतलं आणि विचारलं, "कुठे ठेवू?"

"पाण्यात," विल्फ म्हणाले.

"माझी पत्रं?"

"पत्रं कुठे जातायत? इथेच राहतील."

तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. उंची सहा फूट एक इंच, आणि ती लपवायला सदा पोक काढून चालायची. नाचाला निघाली की तिची आई सांगायची, गेल्या गेल्या खुर्ची पकड, म्हणजे कुणाच्या ध्यानात यायचं नाही. ती तशी बसायचीही. हे तिनंच मला सांगितलं, दुसऱ्याच आठवड्यात, विल्फच्या व्हार्निशच्या खोलीत कपडे बदलताना. क्लबात बायका मोजून पाच, आणि आमच्यासाठी वेगळी खोली नव्हती. मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असायचे. सोमवारी गिऱ्हाइकं नाक वर करून हुंगायची, दुकानाला रंग काढलाय का म्हणून विचारायची. तो वास माझ्या केसांचा असायचा.

मी आयरीन. मला सगळे रीनी म्हणतात. थेल्माहून मी तीन वर्षांनी मोठी, डोक्यानं वीतभर बुटकी, आणि वल्हवण्यात बेताची. पण चिवट. विल्फनी आम्हा दोघींना जोडीच्या नावेत बसवलं, कारण बाकीच्या तिघी आपसात खूश होत्या.

जोडीच्या नावेत प्रत्येकीकडे एकच वल्हं. तिचं एका बाजूला, माझं दुसऱ्या. नाव जाते त्या दिशेला दोघींचीही पाठ. मी तिच्या मागच्या जागेवर, सुकाणूची तार माझ्या उजव्या बुटाला बांधलेली. मान वळवून पुढे बघायचं काम माझं. तिला दिसायचा तो फक्त मागे पडलेला काठ. ती विचारायची, "कुठवर आलो?" आणि मी थोडं जवळचंच सांगायचे. शर्यतीत तर हमखास. शेवट आला म्हणायचे तेव्हा अजून दोनशे मीटर असायचे.

"तू खोटारडी आहेस, रीनी," ती उतरल्यावर म्हणायची.

"पोचलो ना?"

नावेत बसली की तिचं पोक जायचं. पाठ अशी ताठ आणि रुंद व्हायची की समोरचं आभाळ मला दिसायचं नाही. मी सहा वर्षं ती पाठ बघितली. तिसऱ्या वर्षी आम्ही देशाचं अजिंक्यपद घेतलं, आणि मग लागोपाठ आणखी तीन. परदेशात एकदा सहाव्या आलो, एकदा पाचव्या. गावच्या पेपरात आमचा फोटो आला, खाली लिहिलेलं, 'टपालवाली आणि औषधवाली'. थेल्माच्या आईनं तो कापून चहाच्या डब्यात ठेवला. भिंतीवर लावला तर शेजारणी म्हणतील मिरवते.

नाव सरळ ठेवण्याबद्दल माझं नाव होतं. दुसऱ्या क्लबातल्या बायका विचारायच्या, तुझा पाय सुकाणूवर हलताना दिसतच नाही, कसं जमवतेस? मी म्हणायचे, सवय. मनातून फुगायचे.

सातव्या वर्षी जानेवारीत देशाच्या संघाची निवड करणाऱ्यांनी आम्हाला दक्षिणेत बोलावलं. तिथे एका थंडगार हॉलमध्ये वल्ही मारायचं यंत्र आणून ठेवलं होतं. सहा मिनिटं ओढायचं, मग काटा आकडा दाखवणार. आमच्या क्लबात असलं काही नव्हतं. मी ओढलं, आकडा आला, कागदावर लिहिणारा बरा म्हणाला. मग थेल्मा बसली.

तिचं झाल्यावर त्या माणसानं काट्याकडे पाहिलं, यंत्राला एक टिचकी मारली आणि सहकाऱ्याला बोलावलं. दोघांनी तपासलं. मग थेल्माला म्हणाले, "जेवल्यावर पुन्हा एकदा कराल का? यंत्र बिघडलेलं दिसतंय."

तिनं जेवून पुन्हा केलं. काटा पहिल्यापेक्षाही वर गेला.

परतीच्या गाडीत ती हॅमचा पाव खात होती आणि मी खिडकीबाहेर बघत होते. जोडीच्या नावेत एकीचा जोर दुसरीपेक्षा जास्त झाला तर नाव वळते. हे लहान पोरालाही कळतं. आमच्या जोरात जेवढा फरक त्या कागदावर निघाला होता, तेवढ्यानं आमची नाव सुरुवातीलाच काठावर जाऊन आदळायला हवी होती. सहा वर्षांत ती कधी हातभरसुद्धा वळली नव्हती. आणि माझा पाय सुकाणूवर हलतच नव्हता, कारण तो हलवायची वेळच माझ्यावर येऊ दिली गेली नव्हती.

"थेल्मा," मी म्हटलं, "तू सहा वर्षं हात राखून वल्हवतेयस."

ती चावायची थांबली.

"राखून कसलं? नाव सरळ जायला नको?"

"माझ्यासाठी कमी ओढायचीस."

"तुझ्याइतकं ओढायचे. त्यात कमी काय?"

"पाचव्या आलो आपण. पाचव्या. तू एकटीच्या नावेत असतीस तर..."

"एकटीच्या नावेत मी करू काय?" ती म्हणाली. "कुठवर आलो म्हणून विचारू कुणाला?"

तिनं उरलेला पाव माझ्यापुढे केला. मी घेतला नाही. मला राग तिचा आला होता की माझा, ते डार्लिंग्टन स्टेशन आलं तरी मला ठरवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी विल्फकडे गेले. ते एका नावेची फळी घासत होते.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

ते घासत राहिले. "अंदाज होता."

"किती वर्षं?"

"तीनेक."

"आणि बोलला नाहीत."

"जिंकणारी नाव कोण मोडतो, पोरी? आणि तिला एकटीला बसवलं असतं ना, तर चौथ्या दिवशी ती पुन्हा टपाल वाटायला गेली असती. ती इथे वल्हवायला येते असं वाटतं तुला? ती तुझ्यासोबत बसायला येते." त्यांनी फळीवरचा भुसा फुंकला. "पण आता तुलाच कळलंय. तेव्हा आता ते तुझ्याच हातात आहे."

मी तिला सरळ सांगितलं. मी जोडी सोडतेय, तू एकटीच्या नावेत बस. क्लबाच्या पायरीवर उभ्या होतो. ती म्हणाली, "मी काही मागितलं होतं तुझ्याकडे?"

"नाही."

"मग द्यायला का निघालीस?"

ती गेली, आणि नदीवर यायची बंद झाली.

माझ्या घरी टपाल तीच टाकायची. आधी रोज दार वाजवायची, चहाचे दोन घोट घ्यायची, शेजारच्या गल्लीत कुणाचं कुणाशी वाजलं ते सांगायची. आता दाराच्या फटीतून पत्रं आत पडायची आणि तिच्या बुटांचा आवाज पुढे जायचा. एकदा मी दार उघडून उभी राहिले. तिनं विजेचं बिल माझ्या हातात दिलं, "पत्र," म्हणाली, आणि चालू लागली. पोक पुन्हा आलं होतं.

पाच आठवडे असेच गेले. मग मी पोस्टकार्डांचा एक गठ्ठा आणला आणि माझ्याच पत्त्यावर मला कार्डं लिहायला लागले. उघडं कार्ड, वाचणार कोण ते ठाऊकच होतं. पहिल्यावर लिहिलं, 'प्रिय रीनी, आज नदी ताटासारखी सपाट होती.' दुसऱ्यावर, 'प्रिय रीनी, विल्फनी एकटीच्या नावेला नवं व्हार्निश दिलंय. कुणासाठी ते सांगत नाहीत.' तिसऱ्यावर, 'तुझं चुकलं. तिला न विचारता ठरवलंस.' चौथ्यावर लिहिलं, 'पण सहा वर्षं तिनंही तुला विचारलं नव्हतंच.'

रोज एक. कार्डं निमूट फटीतून पडत राहिली. नवव्या कार्डावर माझ्या मजकुराखाली पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, 'टपालवालीनं लोकांची पत्रं वाचायची नसतात.'

मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या हसले आणि रडलेही. दहावं कार्ड टाकलं, 'शनिवारी सात वाजता. मी काठावरून सायकलनं येईन. कुठवर आलीस ते सांगेन.'

शनिवारी ती आली. कपडे बदलताना एवढंच म्हणाली, "खोटं सांगायचं नाही पण."

"बघू."

एकटीची नाव म्हणजे पाण्यावर ठेवलेली सुई. दोन वल्ही, आणि तोल जरा गेला की गार पाण्यात. पहिल्या दिवशी ती तीनदा पडली. मार्चमधली टाइन. बाहेर आली तेव्हा ओठ निळे, आणि विल्फ आपला कोट तिच्या अंगावर टाकत म्हणाले, "उद्या दोनदा पड."

दुसऱ्या दिवशी ती एकदाच पडली. मे महिन्यात तिनं पहिल्यांदा सगळा जोर लावला. काठावरून मी ते बघितलं. नाव पाण्यातून वर उचलल्यासारखी झाली, आणि माझी सायकल मागे पडली. जोरानं पायडल मारूनही ती गाठता येईना. ओरडून सांगायला तोंड उघडलं तर दम नव्हता. मी थांबले, सायकलवर हात टेकून. वाईट वाटायला हवं होतं, तसं वाटलं नाही. तिला शेवटी मोकळं बघत होते.

त्या वर्षी ती देशात पहिली आली, पुढच्या वर्षी पुन्हा. जागतिक स्पर्धेत आधी पाचवी. त्याच्या पुढल्या उन्हाळ्यात विल्फनी व्हॅनच्या टपावर नाव बांधली आणि आम्ही तिघं स्वित्झर्लंडमधल्या एका तळ्यावर गेलो. मी दुकानातून दोन आठवड्यांची रजा काढली होती. दुकानाच्या मालकीणबाईंनी विचारलं, आजारी कोण आहे? मी म्हटलं, कुणी नाही, मैत्रिणीला सोबत.

तेव्हा बायकांची शर्यत हजार मीटरची असायची. आम्हाला त्यापुढे झेपणार नाही, असं कुणीतरी ठरवून टाकलेलं. अंतिम फेरीत सहा जणी. सातशे मीटरपर्यंत थेल्मा तिसरी होती. तिथे काठावर सायकली चालवायला बंदी, म्हणून मी पळत होते, तिशी ओलांडलेल्या गुडघ्यांनी, हातात चपला घेऊन. खरं तर दीडशे मीटर उरले होते. मी दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, "पन्नास!"

तिला ते ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. ती नेहमी म्हणते, गेलं नाही. पण त्याच क्षणी तिचा वेग वाढला, आणि पुढे असलेली पूर्व जर्मनीची मुलगी मागे पडली, मग दुसरीही. थेल्मा जिंकली ती अर्ध्या नावेच्या अंतरानं. विल्फ घड्याळ हातात घेऊन उभे होते आणि ते थांबवायलाच विसरले.

"किती वेळ झाला?" मी विचारलं.

"अजून चालूच आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी डोळे पुसले.

राष्ट्रगीत वाजलं तेव्हा ती मधल्या, सगळ्यात उंच पायरीवर ताठ उभी होती. त्या पायरीनं तिची उंची आणखी वाढलेली. ते तिला कळत होतं आणि तरी ती ताठच उभी होती.

परतताना उत्तर समुद्र खवळलेला होता. मोठ्या बोटीवर विल्फ बाकावर आडवे होऊन घोरत होते, आणि जगज्जेती थेल्मा डॉड कठड्याला धरून ओकत होती. मी तिचे केस मागे धरले होते.

"पाण्यावर राहणारी बाई तू," मी म्हटलं.

"नदीच्या. हे पाणी नाही, हा अपमान आहे." तिनं तोंड पुसलं. "आईला सांगू नकोस."

"पेपरात देते."

ती हसली, मग पुन्हा वाकली. जरा बरं वाटल्यावर डेकवरच खाली बसली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मग म्हणाली, "तुझ्यासोबत पाचवी आले होते ना, तेव्हाही मला असंच वाटलं होतं. एवढंच. बाकी काही फरक नाही."

"खारी बिस्किटं आहेत पिशवीत," मी म्हटलं. "खा एखादं."

त्यानंतर ती चार वर्षं वल्हवत होती. एक रौप्य आणलं, दोनदा काहीच नाही. मग एका मंगळवारी दुपारी, दुकान जेवणासाठी बंद करायच्या वेळी, ती काउंटरपाशी आली. पाठीचं मलम मागायला आलीय असं मला वाटलं.

"सकाळी नाव पाण्यात घातली," ती म्हणाली, "आणि मला परत काठावर यावंसं वाटलं. असं आधी कधी झालं नव्हतं."

"मग?"

"मग आले."

मी दारावरची पाटी उलटी केली, मागच्या खोलीत किटली ठेवली. तिनं टपालाचे जड बूट काढले आणि पाय खोक्यावर पसरले. वल्हवणं संपल्याबद्दल दोघींनाही काही बोलायचं नव्हतं, म्हणून आम्ही तिच्या गल्लीतल्या भांडणाबद्दल बोललो, आणि दुकान उघडायची वेळ झाली तरी उठलो नाही. बाहेर कुणीतरी काच वाजवत होतं.

"तुझं गिऱ्हाईक," ती म्हणाली.

"थांबेल," मी म्हटलं, आणि तिच्या कपात आणखी चहा ओतला.