अर्ध्या बोटाचं अंतर

चौकट वर येईना. मथुराने मधमाश्यांच्या पेटीचं झाकण काढून नारळाच्या सोडणाचा धूर दिला होता आणि आत्माराम मेस्त्री दोन्ही हातांनी मधली चौकट ओढत होते. एक ओढली की शेजारच्या दोन सोबत हलत.

"जोर नको, मेस्त्री. माश्यांनी ह्या चौकटीतला पोळा त्या चौकटीत नेलानी. सगळी जोडली गेलीत."

"मग कापून सरळ करूया. त्यात काय!"

मथुरा विधवा, पालीला भावाकडे राहायची. त्या घरातलं काम सगळं तिचं, पण तिचं म्हणावं असं काहीच नव्हतं. खेडला एका मास्तरांच्या बागेत तिने अशी पेटी पाहिली, चौकटींमधलं अंतर दोऱ्याला गाठी मारून मोजून आणलं आणि मेस्त्रींकडून पेटी करून घेतली. फणसाच्या ढोलीतलं मोहोळ तिने स्वतः आणून आत बसवलं. वहिनीने तेव्हाच सांगितलं होतं, "पोरांना चावल्या तर एकसुद्धा ठेवायची नाय." दोन महिने कुणाला माशी चावली नव्हती.

मेस्त्रींनी सुरी गरम पाण्यात बुडवली आणि पोळ्यात घातली.

"तिथे नको! पिल्लं हायत तिथे!"

सुरी थांबेपर्यंत पांढऱ्या अळ्या चौकटीवरून ओघळल्या. मेस्त्रींनी त्यांवर बोट फिरवलं.

"मध काय गो हा?"

मथुराने त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. दोन्ही बुबुळांवर साय धरली होती.

"मेस्त्री, तुम्हाला दिसत नाय?"

"गणपतीपासून धुरकट झालाय सगळा," ते खाली मान घालून म्हणाले. "कुणाला बोललो नाय, बाय. चाळीस वर्षांचा हात, चुकायचा नाय असा वाटला."

मथुराने पेटीतल्या चौकटी अडकवायच्या खाचा मोजल्या. कुठे अर्धं बोट जास्त, कुठे कमी; म्हणूनच पोळी जोडली गेली होती. तिने खुणा सांगितल्या, मेस्त्रींनी चाचपून नव्या खाचा पाडल्या. ती पोळी कापत गेली, ते केळीच्या सोपाच्या दोरीने ती चौकटींना सरळ बांधत गेले. माश्या मनगटांवर डसत होत्या. मेस्त्रींनी एकदाही हात मागे घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळं मोहोळ पेटीतून उठलं. मथुरा भांडी टाकून राखेच्या हातांनी वरच्या कातळाच्या सड्यापर्यंत धावली. पुढे नुसतं आभाळ होतं.

"गेल्या, मेस्त्री," तिने त्यांच्या पडवीत येऊन सांगितलं.

"पेटी आण. मी..." मेस्त्री थांबले. "कुणाकडून तरी नीट करून देतो."

"वहिनीने त्यात कोंबडी बसवलीन. अंड्यांवर."

ती ओरडली असती तर मेस्त्रींना बरं वाटलं असतं. पण ती म्हणाली, "जाते. पाणी भरायचाय," आणि गेली.

दुपारी गावातला रघू मेस्त्रींकडे फळ्या घेऊन आला. त्याची मुलगी बाळंतपणाला यायची होती, पाळणा हवा होता. मेस्त्रींनी फळीवरून पालथा हात फिरवला, गाठ कुठे आहे ते शोधलं, शिरा कुठे वळतात ते चाचपलं.

"लाकूड चांगला हाय. जुना झाड असणार. दुसऱ्या कुणाकडे ने."

"का ओ? माझ्या लग्नातला पाट तुम्हीच केलात ना?"

"पाळणा हाय, रघू."

रघूने फळ्या उचलल्या. एक फळी दाराला अडली, तेव्हा मेस्त्रींनी उठून दाराची दुसरी झडप उघडून धरली आणि तो बाहेर पडेपर्यंत तशीच धरून ठेवली.