हार घातलेली जेवणपेटी

मित्रांनो, माझ्या झाकणाचे रबर झिजले आहे, अंगाला पोचे आले आहेत. तरी मानपाड्याच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात एकदा माझी पूजा झाली होती. वसतिगृहाच्या खानावळीत उरलेले अन्न गरम ठेवून गरजूंपर्यंत नेणारी मी पेटी. माझ्या पोटात तापमापक होता. अन्न भरले की माझे वजन वाढे आणि विठ्ठलवाडीच्या शेवंतीताईंच्या मोबाईलवर आपोआप संदेश जाई : 'आज जेवण येत आहे.' शेवंतीताई वस्तीतल्या मजुरांच्या मुलांना जेवू घालत. संदेश आला की स्वतःकडचे तांदूळ त्या पलीकडच्या वस्तीत देऊन टाकत.

मला कल्पिता मॅडमनी आपल्या विद्यार्थ्यांकडून बनवून घेतले. वर्तमानपत्राने मला 'अन्नपूर्णा' म्हटले. वस्तुतः मी फक्त उष्णता धरून ठेवत होते.

काम सुरळीत चालू झाल्यावर माझे उद्घाटन करायचे ठरले. भात-आमटीने भरून मला दुपारीच मांडवात नेले आणि झेंडूचा जाड हार घातला. तो झाकणाखाली अडकला.

"दौलत, झाकण नीट बसत नाहीये," मॅडम खानावळीच्या व्यवस्थापकाला म्हणाल्या.

"नारळ फुटू दे ना मॅडम. आधीच हार उतरवला तर साहेब म्हणतील, दौलतने अपशकुन केला."

मॅडमनी हार तसाच राहू दिला. पाहुणे शिळफाट्याला वाहतुकीत अडकले होते. ते आल्यावर भाषणे झाली. फटीतून वाफ जातच राहिली. मी धोक्याची सूचना पाठवत होते. पण समारंभाचा मान राखून मॅडमनी मोबाईल बंद ठेवला होता.

समारंभ आटोपून मला विठ्ठलवाडीत आणल्यावरच त्यांनी तो सुरू केला. मुले ताटे घेऊन बसली होती.

"ताई, हे वाढू नका. भात दुपारपासून कोमट आहे."

"मग उकळते की."

"उकळून त्यातलं विष जाईलच असं नाही."

"पोरं सकाळच्या चहावर आहेत, मॅडम. तुमचा मेसेज आला म्हणून तांदूळ देऊन बसले मी. आता ताटात काय वाढू, तुमचा मोबाईल?"

मॅडमनी मला उचलले. मुलांच्या देखत मला उकिरड्यावर रिते केले गेले. एका मुलीने ताट उपडे घातले आणि त्यावरच डोके टेकले. मॅडमचा निर्णय बरोबर होता. त्या बरोबर निर्णयाने कोणाचेही पोट भरले नाही.

शेवंतीताईंनी पुन्हा माझ्या संदेशावर विश्वास ठेवला नाही. योजना गुंडाळली गेली. मी अडगळीत पडले. खानावळीत उरलेला भात आता कचऱ्याच्या गाडीत जातो आणि त्याचे तापमान कोणीही पाहत नाही.

मित्रांनो, यंत्राला भूक कळत नाही. ती तुम्हाला कळते, म्हणून विनवते. यंत्राला हार घालू नका, त्याचे झाकण लावा. आणि 'जेवण येत आहे' असे कोणाला कळवलेत, तर ते पोहोचेपर्यंत दुसरे काहीही महत्त्वाचे मानू नका. त्या शब्दावर विसंबून कोणीतरी आपल्या घरातले शेवटचे तांदूळ दुसऱ्याच्या पदरात घातलेले असतात.