एकोणतीस पूर्णांक एक

आकडा हलत नव्हता. पहाटे पाचला समई लावली तेव्हा एकोणतीस पूर्णांक एक, विहिरीवर आंघोळ करून आलो तेव्हाही तेवढाच, आणि देवांना गंध लावून वळून पाहिलं तरी तोच. तंजावरच्या शाळेत एकतीस वर्षं मी भौतिकशास्त्र शिकवलं. असं ठाण मांडून बसलेलं तापमान कधी पाहिलं नाही.

हे यंत्र माझ्या मुलानं, वरुणनं, अमेरिकेहून धाडलेलं. एक डबी बाहेर टांगायची. ती बिनतारी तापमान कळवते आणि घरातल्या पडद्यावर आकडा उमटतो. मी ती डबी बाळंतिणीच्या खोलीत ठेवायला लावली होती. माझी मुलगी लक्ष्मीप्रिया आठव्या महिन्यातच बाळंत झाली. पोर जेमतेम पावणेदोन किलोची. खोली अठ्ठावीसच्या खाली जाऊ देऊ नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, म्हणून पाळण्यावर दोनशे वॅटचा बल्ब जळत असे. आम्हा आजी-आजोबांचं सोयर तीन दिवसांत फिटलं, लक्ष्मीचं अजून चालू. सोवळ्यात पूजा करणाऱ्या मला त्या खोलीत मज्जाव. मी पडद्यावरून नात सांभाळत होतो, आणि मूर्खासारखा त्याचा गर्वही बाळगून होतो.

पूजा अर्धी टाकून उठलो. पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे पडद्याचे सेल काढून परत बसवले. आकडा गेला; दोन रेघा आल्या, म्हणजे डबीचा संदेश पोचत नव्हता. तीन मिनिटं थांबायचं होतं. थांबलो. रेघाच. पडदा घेऊन बाळंतिणीच्या दाराशी गेलो. तिथंही रेघा.

"लक्ष्मी," मी हाक मारली. आत हालचाल नाही, तसा मागं वळलो.

माझी बायको गंगाबाई स्वयंपाकघरात नैवेद्याचं पोंगल ढवळत होती. "त्या डबीला हात लावलास?"

"काल सांजेला सांब्राणीचा धूर केला की. काळी पडेल म्हणून एव्हरसिल्व्हर डब्यात ठेवली."

"झाकण लावून?"

"मग? वरुणनं एवढ्या लांबून धाडलेली."

स्टीलच्या डब्यातून संदेश बाहेर येत नाही. मी पहाटेपासून पाहत होतो तो आकडा कालच्या संध्याकाळचा होता.

दाराशी मी थांबलो, हे कबूल करतो. जन्मभराची सवय. मग दार ढकललं. आत अंधार, बल्ब उडालेला. मार्गळी महिन्यातली, ऐन डिसेंबरची थंडी खोलीभर पसरलेली, आणि लक्ष्मी डोक्यावरून पांघरूण घेऊन गाढ झोपलेली. पोरीचे पाय धरले. गार. रडत नव्हती. ओठ निळसर दिसले.

दुपटं सोडून मी तिला उघड्या छातीशी धरलं आणि वरून सोवळ्याची धाबळी गुंडाळली.

"अहो, तुम्ही सोवळ्यात," गंगाबाई दारातून म्हणाली.

"बल्ब आण. आणि डॉक्टरीणबाईंना फोन कर."

ती धावली. लक्ष्मी जागी झाली, माझ्याकडे पाहून उठून बसली. "अप्पा, मला कळलंच नाही."

मी पोरीचे श्वास मोजत होतो. एक चुकला की माझाही थांबे. नवा बल्ब लागला, गरम पाण्याची पिशवी आली, ओठ अजून तसेच. इतकं भ्यायलो नव्हतो कधी.

मग छातीवर काहीतरी सरकलं. तोंड शोधत शोधत आलं आणि माझ्या सुरकुतलेल्या स्तनाग्राला लागलं. दोनदा जोरात ओढलं. काही मिळेना, तशी ती संतापून किंचाळली.

"अप्पा, द्या तिला," लक्ष्मी म्हणाली, "भूक लागली आहे."

मला हात सोडवेनात. गंगाबाईला ते एकेक बोट करून सोडवावे लागले.